विश्लेषण : एका क्युबिटमध्ये नेमकी किती माहिती मावते?

‘क्युबिट एकाच वेळी शून्यही असतो आणि एकही, म्हणून त्यात अमर्याद माहिती मावते,’ असे क्वांटम संगणकाचे कौतुक करताना हमखास सांगितले जाते. हे अर्धसत्य आहे. राष्ट्रीय क्वांटम मोहिमेसाठी केंद्राने २०२३ मध्ये ६,००३ कोटी रुपये मंजूर केले आहेत. पैसा जनतेचा असताना अशी विधाने तपासून घेतलेली बरी.

दाव्यात खरे किती?

३०० क्युबिटची अवस्था कागदावर मांडायची तर २ चा ३००वा घात इतके आकडे लागू शकतात. दृश्य विश्वातील अणूंच्या अंदाजित संख्येपेक्षाही हे जास्त. पण मांडायला किती आकडे लागतात आणि त्यातले वाचता किती येतात, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

मर्यादा कोणती?

सोव्हिएत गणितज्ञ अलेक्झांडर होलेवो यांनी १९७३ मध्ये ही मर्यादा सिद्ध केली. एका क्युबिटमध्ये भरलेल्या माहितीपैकी फार तर एक बिट परत मिळते. ३०० क्युबिटमधून ३०० बिट. क्युबिट मोजला की शून्य किंवा एक हाती येते आणि मूळ अवस्था मोडते. अज्ञात अवस्थेची हुबेहूब प्रत काढून पुन्हा मोजण्याचीही सोय निसर्गाने ठेवलेली नाही.

पळवाट नाही का?

१९९२ मध्ये बेनेट आणि विझनर यांनी एक क्युबिट पाठवून दोन बिट पोहोचवण्याची युक्ती मांडली. मात्र त्यासाठी परस्परांशी गुंफलेल्या जोडीतला दुसरा क्युबिट घेणाऱ्याकडे आधीच असावा लागतो. दोन क्युबिट, दोन बिट, हिशेब तोच.

मग उपयोग काय?

क्वांटम संगणक हे माहितीचे गोदाम नव्हे. चुकीच्या उत्तरांच्या शक्यता एकमेकींना छेद देऊन पुसल्या जाव्यात आणि बरोबर उत्तराची शक्यता वाढावी, अशी गणिताची रचना करणे, हे त्याचे बळ. मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्याची पीटर शोर यांची १९९४ ची रीत याच तत्त्वावर उभी आहे. पण अशा रीती मोजक्याच प्रश्नांसाठी सापडल्या आहेत.

म्हणूनच आठ वर्षांत ५० ते १,००० क्युबिटचे संगणक उभारण्याच्या मोहिमेकडे पाहताना केवळ क्युबिट मोजून चालणार नाही. त्यांच्या चुका किती घटल्या आणि साध्या संगणकाला न झेपणारा कोणता प्रश्न सुटला, हे विचारायला हवे. होलेवो यांचे प्रमेय पन्नास वर्षांपासून हेच बजावत आहे.