तिच्या सुखाची साक्ष

लासूर स्टेशन या आमच्या गावाला सुंता नवी नाही. पण नवऱ्याच्या सुंतेचा बायकोच्या शरीरसुखाशी काही संबंध असतो का, हे तिथेच काय, मुंबईतही कोणी मोकळेपणाने विचारत नाही. याच जिल्ह्यातल्या पैठणच्या सातवाहनांच्या नावावर असलेल्या गाथासप्तशती या काव्यसंग्रहात बाया आपली ओढ स्वतःच्या तोंडाने सांगतात. ती भाषा आपण कुठे गमावली?

या प्रश्नावर पुरुष मात्र शतकानुशतके बोलत आले. बाराव्या शतकातल्या मैमोनिडीज या ज्यू पंडिताने सुंतेने वासना मंदावते असे लिहिले. त्याला तेच हवे होते. सुंता न झालेल्या पुरुषापासून स्त्रीला दूर होणे जड जाते, हेही त्याने नोंदवले. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायलींनी आठव्या दिवसाची सुंता पिढ्यान्‌पिढ्या जपली, ती देवाशी झालेल्या कराराची खूण म्हणून. बायकोचे सुख त्या हिशेबात कधी धरलेच गेले नाही.

अखेर स्त्रियांना विचारले गेले, तेव्हा उत्तरे जुळली नाहीत. 1999 च्या एका पाहणीत बहुतेकींनी सुंता न झालेला जोडीदार पसंत केला; पण त्यातल्या अनेकजणी सुंताविरोधी गटाच्या पत्रिकेतून आल्या होत्या. युगांडातल्या राकाई इथे नवऱ्याची सुंता झालेल्या 455 जणींपैकी सुमारे 57 टक्के म्हणाल्या, फरक नाही. जवळपास 40 टक्के म्हणाल्या, सुख वाढले. जेमतेम 3 टक्के म्हणाल्या, घटले. तिथे सुंता एचआयव्ही रोखण्यासाठी, मोठ्या वयात, नवऱ्याच्या संमतीने झाली होती. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधल्या पाहणीत मात्र सुंता झालेल्यांच्या जोडीदारणींनी तक्रारी अधिक सांगितल्या. माझे मत स्पष्ट आहे: त्वचेच्या त्या तुकड्यावर बाईचे सुख ठरते, असे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा कोणत्याच बाजूला नाही. आरोग्याचा पुरावा जास्त भक्कम आहे. राकाईतच सुंता झालेल्यांच्या बायकांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूचे प्रमाण कमी आढळले.

र. धों. कर्वे यांनी 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकामध्ये स्त्रीच्या कामसुखाचा हक्क मांडला. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले; 1934 मध्ये डॉ. आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. तो खटला वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून होता. आज अशा उत्तरांसाठी सहसा कोणाला कोर्टात जावे लागत नाही. मग नवरेहो, घरात विचारा. दुखत असेल, सुख नसेल तर दोघे मिळून डॉक्टरांकडे जा, आणि तिथे तिला आधी बोलू द्या.