पुण्याचं बेसिन, धाराशिवचा नळ

माझी रूममेट धाराशिवची. (२०२३ मध्ये नाव बदललं, पण घाईत असली की तिच्या तोंडून अजून 'उस्मानाबाद'च येतं.) रोज रात्री ती घरी फोन करते आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आई, पाणी आलं का गं?" आपण 'जेवलात का' विचारतो ना, तसं. तिकडे नळाला रोज पाणी नसतं, त्यामुळे धुणं कधी, पाहुणे कधी, इतकंच काय, केस कधी धुवायचे, सगळं त्यावर ठरतं.

परवा मी कढईतलं उरलेलं तेल सिंकमध्ये ओतत होते. भजी मस्त झाली होती, पण तेलाचं करायचं काय? मागून आवाज आला, "ओतू नकोस गं. ते आईकडे जातं." मला वाटलं टोमणा मारतेय. पण नाही, बाईंनी शांतपणे अख्खा रूटच सांगितला.

सिंकमधून गटार. नशीब चांगलं असेल तर मैलापाणी शुद्धीकरण केंद्र, नसेल तर थेट मुठा. संगम पुलापाशी मुळा भेटते, मग मुळा-मुठा भीमेला मिळते आणि भीमा जाते उजनी धरणात. याच उजनीतून शंभरेक किलोमीटरची पाइपलाइन धाराशिव शहराला पाणी देते. उजनीची पूर्ण भरल्यावरची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ४९७ मीटर, आणि धाराशिव बालाघाटच्या डोंगरावर साधारण ६५० मीटरवर. म्हणजे पाणी पंपांनी चढवून न्यावं लागतं. मध्ये तुरटी, गाळणी, क्लोरीन सगळे सोपस्कार होतात, तुमचं तेल जसंच्या तसं कुणाच्या हंड्यात पडत नाही. पण गाळायला काय काय पाठवायचं, ते आपण इथे ठरवतो!

शाळेतलं जलचक्राचं चित्र आठवतंय? समुद्र, हसरा सूर्य, वर जाणारा बाण, ढग, डोंगर, नदी, पुन्हा समुद्र. पाच मार्क पक्के. त्या चित्रात माणूस नव्हता. पंप, सिंक, लाइटबिल तर नाहीच नाही.

खरं चक्र आपल्या ताम्हिणीच्या वीकेंडपासूनच सुरू होतं बघा. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीवर आपटतात, वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावर वर्षाला काही हजार मिलिमीटर रिकामे होतात. आपण त्यात भिजतो, कणीस खातो, फोटो काढतो. डोंगर उतरून हवा पूर्वेला जाते तेव्हा तिच्यात फार काही उरलेलं नसतं. धाराशिवला वर्षाचा पाऊस जेमतेम साडेसातशे मिलिमीटर. नावात 'धारा' असूनही! ढगांनी अर्धवट सोडलेलं काम मग पानशेत, वरसगाव, खडकवासला, पुण्यातली आपली आंघोळ आणि उजनी यांना मिळून पूर्ण करावं लागतं. समुद्रातून धाराशिवला जाणाऱ्या पाण्याचा एक रस्ता चक्क तुमच्या बाथरूममधून जातो, बॉस.

आणि तिथे ते थांबतं का? खाली काळा बेसॉल्ट, पाणी धरणार फक्त भेगांत आणि मुरमात. वरती ऊन. दख्खनच्या जलाशयांवरून वर्षाला साधारण दीड-दोन मीटर उंचीचा थर नुसता वाफ होऊन जातो. आभाळ देतं त्याच्या दुप्पट! जे वाहतं त्याचीही वाटणी होते. बालाघाटच्या एका अंगाचं पाणी सीना, बोरीतून भीमेला, म्हणजे कृष्णेला. दुसऱ्या अंगाचं तेरणेतून मांजरेला, म्हणजे गोदावरीला. गोरोबाकाकांचं तेर याच तेरणेच्या काठी. मांजरा पुढे तेलंगणात जाते आणि सिंगूर व मांजरा बंधाऱ्यातून हैदराबादला पाणी मिळतं. पुण्यातून हैदराबादला जॉब बदलून गेलेल्यांनो, तिथेही सुटका नाही.

कृष्णा काय, गोदावरी काय, शेवटी बंगालच्या उपसागरालाच मिळतात. गंमत म्हणजे सप्टेंबरात मराठवाड्यावर जो मोठा पाऊस येतो, तो बऱ्याचदा त्याच उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्यांचा. हवेतली वाफ सरासरी नऊ-दहा दिवसच हवेत राहते, मग कुठेतरी पडतेच. प्रश्न फक्त कुठे आणि किती एका दमात. २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा, भूम भागात पुरात अडकलेल्यांना काढायला हेलिकॉप्टर आणावं लागलं. चक्र तेच, जिल्हेही शेजारशेजारचे.

पुण्याचं सगळं सांडपाणी शुद्ध करून नदीत सोडायचं, म्हणून जपानच्या जायकाच्या मदतीने ११ नवी केंद्रं उभारायचा प्रकल्प २०१६ मध्ये मंजूर झाला. तेव्हा मी कॉलेजातही गेले नव्हते. इतक्या वर्षांत मी भजी किती वेळा तळली असतील, याचा हिशोब नकोच.

सध्या आमच्या ओट्याखाली जॅमच्या तीन बाटल्या आहेत, जुन्या तेलाने भरलेल्या. चौथी निम्मी झालीय. सिंकमध्ये ओतायचं नाही, एवढं पक्कं ठरलंय. पण मग द्यायच्या कुणाला, हे दोघींनाही माहीत नाही. कचरेवाल्या मावशींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "सिंकमध्ये ओता की ताई."