नव्या पोराच्या खांद्यावर किती भार?

१५ ऑक्टोबर २०२५ ला रणजी करंडकाचा नवा मोसम सुरू होणार होता. आमच्या सौंसरच्या बसस्टँडजवळच्या टपरीवर तेव्हा एकच प्रश्न होता : "करुण नायर गेला. आता विदर्भाचं कसं?" त्यावर कोणीतरी लगेच म्हणतो, "दानिश हाय ना बे! तो आनते कप." आणि चहा संपेपर्यंत दानिश मालेवारच्या नावावर दोन शतकं, एक द्विशतक आणि एक करंडक जमा करून आम्ही मोकळे होतो.

दानिश नागपूरचा. २०२४-२५ च्या मोसमात पहिल्यांदा रणजी खेळला आणि ७८३ धावा काढून बसला. अंतिम सामन्यात १५३ आणि ७३. ऑगस्ट २०२५ मध्ये दुलीप करंडकात मध्य विभागाकडून २०३. अशा पोराकडून आशा नाही ठेवायची तर कोणाकडून ठेवायची? मीही त्या टपरीवर बसतो, आणि "दानिश आनते" हे वाक्य मीही बोललो आहे. पण आशा ठेवणं वेगळं आणि सगळा भार एकाच्या मानेवर टाकणं वेगळं, असं मला आता वाटायला लागलंय. हा लेख त्याबद्दल आहे.

आधी एक खुलासा. आमच्या महाविद्यालयातले नागपूरचे मित्र नेहमी विचारतात, "तू तर एमपीचा ना? मग विदर्भ विदर्भ काय करतोस?" प्रश्न बरोबर आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. ती विदर्भाबरोबर मुंबई राज्यात गेली आणि आमचा छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. पुढच्याच वर्षी, १९५७-५८ मध्ये, विदर्भाचा संघ रणजीत उतरला. २०२३ पासून पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं, पण राज्य तेच. शाळेचे दाखले हिंदीत, घरातलं भांडण मराठीत. आमच्याकडच्या पोराला क्रिकेटमध्ये पुढं जायचं तर वाट इंदूरकडे जाते. आणि मॅच बघायची तर सकाळची गाडी पकडून नागपूर, तिथून जामठा.

त्यामुळे मार्च २०२४ मध्ये आमची मोठी पंचाईत झाली. रणजीची उपांत्य फेरी, मैदान नागपूरचं, आणि सामना विदर्भ विरुद्ध मध्य प्रदेश. टपरीवर सरळ दोन तट पडले. पांढुर्ण्याला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवर गोटमारीला माणसं उभी राहतात, तसे आम्ही बाकाच्या दोन टोकांना. नशीब, हातात दगड नव्हते, चहाचे ग्लास होते. विदर्भ पहिल्या डावात १७० मध्ये गारद झाला तेव्हा एमपीवाल्यांनी आमची भरपूर मजा घेतली. मग यश राठोडनं दुसऱ्या डावात १४१ काढले आणि विदर्भ ६२ धावांनी जिंकला. माझा एक काका एमपीकडून होता. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, "अंतिम सामन्यात मात्र मुंबईले पाडा."

सीमेवर राहण्याचा एक फायदा म्हणजे दोन्ही घरांची चूल दिसते. दोन्ही संघ उभे राहताना आम्ही पाहिले आहेत, आणि दोन्हींना किती वेळ लागला तेही पाहिलं आहे. विदर्भानं पहिला करंडक जिंकला तो २०१७-१८ मध्ये, म्हणजे पदार्पणानंतर ६० वर्षांनी. तोही इंदूरच्या होळकर स्टेडियमवर, दिल्लीला हरवून. मध्य प्रदेशाचं तर आणखी ऐका. १९९८-९९ मध्ये ते अंतिम सामना बंगळुरूला हरले. कर्णधार होते चंद्रकांत पंडित. जून २०२२ मध्ये त्याच चिन्नास्वामी मैदानावर मध्य प्रदेशानं मुंबईला हरवून पहिला रणजी करंडक घेतला, आणि प्रशिक्षक होते तेच चंद्रकांत पंडित. मधल्या काळात याच पंडितांनी प्रशिक्षक म्हणून विदर्भाला लागोपाठ दोन करंडक मिळवून दिले होते. म्हणजे टपरीच्या बाकाच्या दोन्ही टोकांचा गुरू एकच!

आता नव्या पोरांच्या मुद्द्याकडे येतो. २०१७-१८ च्या त्या संघात एक नवा यष्टिरक्षक होता, अक्षय वाडकर. त्याचा तो पहिलाच रणजी मोसम. अंतिम सामन्यात त्यानं १३३ धावा केल्या. ते त्याचं पहिलं प्रथम श्रेणी शतक. रणजीच्या अंतिम सामन्यात शतक काढणारा विदर्भाचा तो पहिला फलंदाज. तेव्हाही टपरीवर आम्ही म्हणालो होतो, "झालं, आता दरवर्षी हा आनते." पण त्या संघात वाडकर एकटा नव्हता. समोर वसीम जाफर होता, कर्णधार फैज फजल होता. चेंडू घेऊन रजनीश गुरबानी होता, ज्यानं त्याच सामन्यात हॅटट्रिक घेतली. नव्या पोरानं चूक केली असती तरी ती सावरायला माणसं होती.

पुढं जाफर निवृत्त झाला, फैज निवृत्त झाला, आणि वाडकर कर्णधार झाला. मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर त्याचा संघ मुंबईविरुद्ध अंतिम सामना हरला. जिंकायला ५३८ हवे होते. वाडकरनं १०२ काढले, तरी १६९ धावांनी हार. त्या रात्री मी आमच्या ग्रुपवर लिहिलं होतं : "ही टीम संपली. वाडकरला काढा." ते वाक्य अजून फोनमध्ये आहे. मी मुद्दाम पुसलेलं नाही. कारण वर्षभरानं, २ मार्च २०२५ ला, त्याच वाडकरनं जामठ्याला करंडक उचलला. माझं ऐकून कोणी त्याला काढलं असतं तर?

तो केरळविरुद्धचा अंतिम सामना आठवून बघा. पहिल्या दिवशी विदर्भ ३ बाद २४. मैदानावर दानिश, त्याचा पहिला मोसम, आणि समोर करुण नायर, ज्याच्या नावावर कसोटीत त्रिशतक आहे. दोघांनी २१५ धावांची भागीदारी केली. आपण सगळ्यांनी दानिशचे १५३ लक्षात ठेवले. करुणचे ८६ किती जणांच्या लक्षात आहेत? पण ते ८६ नसते तर १५३ झाले असते का? आणि शेवटी करंडक कशावर मिळाला? ३७९ विरुद्ध ३४२, पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर. केरळचा सचिन बेबी ९८ वर बाद झाला तेव्हा कुठं आमचा जीव भांड्यात पडला. त्या मोसमात यश राठोडच्या ९६० धावा होत्या, हर्ष दुबेचे ६९ बळी होते, जो एका रणजी मोसमातला विक्रम आहे. एकट्यानं काहीच झालं नाही.

आमचे आबाजी शेतकरी. क्रिकेट त्यांना फारसं कळत नाही, पण टीव्हीसमोर बसतात. दानिश-करुणची जोडी बघून ते म्हणाले होते, "गोऱ्हा पहिल्या वर्साले एकटा नांगराले जुपत नाई, बाप्पा. जुन्या बैलाच्या जोडीनं आधी वखर वढू द्या लागते. घाई केली त मान सुजते, मंग तो जन्मभर जू पाह्यलं का बसते."

शेतात हे सगळ्यांना कळतं. मैदानाच्या बाबतीत आपण विसरतो. कारण पहिला मोसम कौतुकाचा असतो. चाळीस केले तरी टाळ्या, शून्य केलं तरी "पोरगं आहे". दुसरा मोसम मात्र हिशोबाचा असतो. आता गोलंदाजांनी त्याचे व्हिडिओ पाहिलेत, त्याला कुठं टाकायचं ते ठरवलंय. जोडीचा जुना बैलही कर्नाटकला परत गेला. अशा वेळी दानिश लागोपाठ चार डाव चुकला तर? मला भीती दानिशची नाही, आमच्या टपरीची आहे. आणि माझ्या फोनची.

दूरचं एक उदाहरण देतो. अमेरिकेत त्यांचा जो फुटबॉल आहे, हातानं फेकायचा, त्यात क्वार्टरबॅक म्हणजे संघाचा मेंदू. हरलेल्या संघाला पुढच्या वर्षी नवे खेळाडू आधी निवडायला मिळतात. म्हणजे सगळ्यात गुणी पोरगा बहुतेक वेळा सगळ्यात पडक्या घरात जातो. १९९८ मध्ये इंडियानापोलिस कोल्ट्सनं पेटन मॅनिंगला असंच पहिल्या क्रमांकावर घेतलं. पहिल्या वर्षी १६ पैकी १३ सामने हरले. त्याचे २८ फेक विरुद्ध संघाच्या हातात गेले. त्याला कोणी बसवलं नाही. दुसऱ्या वर्षी १३ जिंकले. आणि सुपर बोल मिळाला तो नवव्या मोसमात, फेब्रुवारी २००७ मध्ये. मॅनिंग मोठा होताच, पण पहिल्या वर्षाच्या त्या १३ पराभवांत त्याला मैदानावर राहू देणारेही लहान नव्हते.

माझा एक मित्र यावर म्हणतो, "हे सगळं ठीक, पण आशा नाही ठेवायची तर मॅच बघायची कशाला? आणि जागा अडवून बसलेल्याला काढायचंच नाही का? बाहेर शंभर पोरं उभी आहेत." त्याचं खोटं नाही. बाहेर उभ्या असलेल्या पोरांत आमच्या भागातलीही आहेत, आणि एखाद्याला फार सांभाळलं की दुसऱ्यावर अन्याय होतो. काढायचं तर काढाच, पण ते मोसमभराचं बघून, निवड समितीनं ठरवावं. एका सकाळच्या एका चेंडूवर टपरीनं ठरवू नये. आणि आशा ठेवायची तर अकरा जणांवर ठेवा. ऑक्टोबर २०२५ मध्ये इराणी करंडकात शेष भारताला ९३ धावांनी हरवलं, तेव्हा शतक दानिशचं नव्हतं, अथर्व तायडेचं होतं, १४३. भार असा वाटला गेला की कोणाची मान सुजत नाही.

हे मी इतकं मनावर का घेतो, तेही सांगतो. आपल्यातले बरेच जण घरातले पहिले कॉलेजात आलेले. मीही. सौंसरहून बॅग घेऊन निघालो तेव्हा घरचे, शेजारचे, मामाचे, सगळे म्हणाले, "आता हा घर वर काढते." पहिल्या सेमिस्टरला माझे दोन विषय गेले. मी पंधरा दिवस घरी फोन केला नाही. शेवटी आबाजींनीच केला. रागावले नाहीत. म्हणाले, "जेवन होते ना बरोबर? मंग होते सारं." एवढंच. दुसऱ्या सेमिस्टरला विषय निघाले. मी फार हुशार झालो असं नाही. एक वर्गमित्र रोज संध्याकाळी घेऊन बसला, आणि घरून कोणी निकाल विचारला नाही. माझ्याबरोबर आलेला गावचा दुसरा मुलगा मात्र त्याच निकालानंतर बॅग भरून गेला, तो परत आला नाही. त्याच्या घरून रोज फोन यायचा.

म्हणून मित्रांनो, यंदा आपण एवढं करू. टपरीवर नाव घ्यायचं तर दानिशबरोबर यशचं घ्या, हर्षचं घ्या, वाडकरचं घ्या. त्यालाही आता जुन्या बैलाचं काम आहे. हार झाली तर त्या रात्री ग्रुपवर काही लिहू नका, सकाळी लिहा. सकाळी बहुतेक लिहावंसं वाटत नाही, अनुभव आहे.

आणि जे एमपीच्या बाजूनं बसतात, त्यांनाही हेच. सप्टेंबर २०२५ मध्ये दुलीप करंडक मध्य विभागानं जिंकला. कर्णधार एमपीचा रजत पाटीदार, अंतिम सामन्यात त्याचं शतक. त्याच डावात १९४ काढणारा यश राठोड विदर्भाचा. त्या दिवशी आमच्या टपरीवर पहिल्यांदाच बाकाच्या दोन्ही टोकांवरून एकदम ओरडा झाला. काकानं सगळ्यांचे पैसे दिले. नायडू नागपुरात जन्मले आणि इंदूरच्या होळकर संघाचे कर्णधार झाले, म्हणून आम्ही आजवर "सी. के. कोणाचे?" यावर भांडत आलो. त्या संध्याकाळी ते भांडणही कोणी काढलं नाही.

नव्या मोसमात परत दोन टोकं होतील. होऊ द्या. पोरांना मात्र वखर ओढू द्या.