परसातील कातरलेले कुंपण

मोगल अमदानीत नाशिकला गुलशनाबाद म्हणत. ते नाव मागे पडले. बागेची हौस मात्र टिकून आहे. हल्ली निफाड-दिंडोरीकडील नव्या घरांपुढे, शाळांच्या व ग्रामपंचायतींच्या आवारांत कातरून गोल वा चौकोनी केलेली झुडपे दिसू लागली आहेत. मुंबईस मलबार हिलवर, पाण्याच्या टाकीच्या माथ्यावर १८८१ साली केलेल्या बागेत झुडपांना प्राण्यांचे आकार दिलेले आहेत. ते पाहून आलेल्या कास्तकारास आपल्या दारीही तसे काही असावे असे वाटल्यास त्यात गैर काही नाही. शेतकऱ्याचे घर देखणे असू नये, असा कोठे नियम नाही. पाहावयाचे ते एवढेच की, झुडूप कोणते निवडले आणि कातरलेला पाला कोठे पडला.

शहरात कातरलेला पाला कचऱ्यात जातो. खेड्यात तो कुंपणापलीकडे टाकला जातो आणि तेथे शेळी बांधलेली असते. कण्हेर आणि पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, ही दोन्ही झाडे काटक, सदा हिरवी व कातरणीस सोसणारी. म्हणून कुंपणास सर्रास लावतात. दोन्ही विषारी आहेत. उभ्या झाडाचा कडू पाला जनावर सहसा तोंडात घेत नाही. पण कापून सुकलेला पाला चाऱ्यात मिसळला गेला तर ते तो खाते, आणि सुकल्याने विष जात नाही. गोठा आहे त्या परसात ही झाडे नसावीत, हेच योग्य. रोपवाटिकेत हौसेने घेतला जाणारा पिवळ्या पानांचा डुरांटा वेळेवर कातरावा. कातरणीकडे दुर्लक्ष झाले की त्यास नारिंगी फळांचे घोस लागतात. ती फळे विषारी असून लहान मुलांना मोह पाडणारी असतात.

द्राक्षबागेच्या कडेला जास्वंदीचे कुंपण लावणे हाही असाच न परवडणारा शौक होय. द्राक्षमण्यांना चिकट व काळे करणारा गुलाबी पिठ्या ढेकूण जास्वंदीवर तितक्याच आवडीने वाढतो. बागेत फवारणी करावी आणि बांधावर किडीला बारमाही आसरा द्यावा, याला काय म्हणावे?

मग लावावे काय? येवला, नांदगाव, सिन्नर या पाण्याच्या टंचाईच्या भागात मेंदीसारखे दुसरे झुडूप नाही. मुळे खोल जातात, एकदा जम बसला की उन्हाळा सोसतो, दाट होते आणि पाला घरच्या वा शेजारच्या लग्नकार्यात उपयोगी पडतो. अडुळशाला जनावर तोंड लावीत नाही आणि घरात खोकला झाला की पान हाताशी असते. इगतपुरी-त्र्यंबककडे करवंद आपलेच आहे. मात्र दर महिन्यास कातरून सरळ भिंत केली तर फळांची आशा धरू नये. गिरिपुष्प परसात नको, बांधावर असावे. त्याचा पाला हिरवळीचे खत होतो.

परदेशी झुडूप घेताना निवडुंगाची आठवण ठेवावी. कुंपणासाठी पसरलेला हा निवडुंग पुढे रानोमाळ माजला. अखेर १९२६ साली श्रीलंकेतून एक कोशिनील कीटक आणावा लागला, तेव्हा दक्षिण भारतात त्याला आळा बसला. घाणेरीही शोभेचे झाड म्हणूनच आली होती.

लागवड पहिल्या चांगल्या पावसानंतर करावी. दीड फूट खोल चर खणून शेणखत व माती भरावी आणि एक फूट अंतरावर दोन ओळी अशा लावाव्यात की एका ओळीतील रोप दुसरीतील मोकळ्या जागेसमोर येईल. रोप धरले की जमिनीपासून वीतभर ठेवून शेंडा छाटावा. जिवावर येते, पण त्यावाचून बुडापासून फांद्या फुटत नाहीत. पुढे दोन खुंट्यांना दोरी ताणून कातरावे. बूड रुंद व माथा अरुंद ठेवावा, म्हणजे खालच्या पानांना ऊन मिळते. याच्या उलट केले तर दोन वर्षांत कुंपणाचे पाय उघडे पडतात आणि तेथूनच कोंबड्या आत शिरतात. एप्रिल-मे महिन्यांत कातर टांगून ठेवावी. पाणी मोरीचे पुरते, मात्र साबणाचे फेसाळ पाणी रोजच्या रोज एकाच ठिकाणी सोडू नये.