पडद्यावरची कीर्द

दिवाळीला श्रद्धेने वहीपूजन करणाऱ्या पेढ्यांमध्येही आता रोजचा हिशेब संगणकाच्या पडद्यावर होतो. वहीची जागा पडद्याने घेतली, तरी वहीने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेला एक प्रश्न पडद्यापुढे नव्याने उभा आहे. एका नजरेच्या टप्प्यात किती माहिती मांडावी आणि तिच्यातून वाचणाऱ्याला वाट कशी सापडावी?

जुन्या वळणाच्या वहीचे पान नोंदींनी गच्च भरलेले असे. तरीही मुरलेल्या मुनिमाची नजर त्यावर अडखळत नसे, कारण त्या दाटीला शिस्त होती. कागदाला पाडलेल्या घड्यांचेच रकाने होत. डावीकडे जमा, उजवीकडे नावे; रक्कम ठरल्या जागी, तिच्यालगत तपशील; आणि कीर्दीतील नोंद खतावणीत कोठे गेली हे सांगणारा पानाचा आकडा. कोठे पाहायचे हे वाचण्याआधीच ठाऊक असल्याने भरगच्च पानही सुवाच्य वाटे.

१९८६ मध्ये श्यामसुंदर गोयंका आणि त्यांचे पुत्र भरत गोयंका यांनी बंगळूरमध्ये सुरू केलेल्या उद्योगातून आलेल्या ‘टॅली’नेही हीच वाट धरली. नवख्याला तिचा पडदा दाटीचा वाटतो. परंतु एफ५ म्हणजे पेमेंट, एफ६ म्हणजे रिसीट, एफ८ म्हणजे विक्री हे ज्याच्या बोटांत बसले आहे, तो माउसला हात न लावता दिवसभराच्या नोंदी उरकतो. सवयीच्या डोळ्यांना दाटी जाचत नाही. जाचते ती अव्यवस्था.

या अव्यवस्थेची किंमत किती मोठी असू शकते, हे ११ ऑगस्ट २०२० रोजी दिसले. रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधनांच्या अमेरिकन कंपनीच्या कर्जाची व्यवस्था सिटी बँक पाहत होती. धनकोंना सुमारे ७८ लाख डॉलर व्याज पाठवायचे होते. प्रत्यक्षात गेले मुद्दलासह जवळजवळ ९० कोटी डॉलर, आणि जादा गेलेले सारे बँकेचे स्वतःचे. व्यवहार ‘फ्लेक्सक्यूब’ या सॉफ्टवेअरवर झाला होता. मुद्दल बँकेच्याच अंतर्गत खात्यात वळवण्यासाठी ‘प्रिन्सिपल’, ‘फ्रंट’ आणि ‘फंड’ अशा तीन ठिकाणी त्या खात्याचा क्रमांक भरणे आवश्यक होते. तो भरला गेला केवळ ‘प्रिन्सिपल’पुढे. नोंद करणारा व ती तपासणारा हे दोघे भारतात होते, अंतिम मंजुरी देणारा अमेरिकेत. तिघांनाही सारे योग्य वाटले.

पडद्याने सूचना दिली नव्हती असेही नाही. रक्कम बँकेबाहेर जाईल, पुढे जायचे का, असे त्याने विचारले होते. मात्र बाहेर जाणारी रक्कम किती, हे त्या सूचनेत नव्हते. व्याज बाहेर जाणारच होते. त्यामुळे ती सूचना अपेक्षितच वाटली. तेथे ९० कोटींचा आकडा ठळक दिसला असता, तर तिघांपैकी एकाचा तरी हात थबकला असता. सुमारे ५० कोटी डॉलर परत देण्यास अनेक धनकोंनी नकार दिला. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाचा निकाल बँकेच्या विरोधात गेला आणि अपील न्यायालयाने तो सप्टेंबर २०२२ मध्ये फिरवला. मधली दोन वर्षे टांगणीची गेली.

अशा घटनांचा धसका घेऊन पडदा रिकामा करून टाकणे हा उपाय नव्हे. काही नव्या ॲप्सवर मोठ्या अक्षरांत एकूण येणे दिसते आणि भोवती मोकळी जागा. दिसायला ते प्रसन्न असते. परंतु कोणत्या गिऱ्हाइकाकडे किती, किती दिवसांपासून आणि कोणत्या बिलापोटी, हे पाहायला प्रत्येक वेळी तीन-चार पायऱ्या उतराव्या लागतात. चाळीस खात्यांची उधारी ताडून पाहणाऱ्याला मागचा आकडा लक्षात ठेवून पुढचा शोधावा लागतो. माणसाच्या तात्कालिक स्मरणात एका वेळी सातेक गोष्टीच मावतात, असे मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्येच मांडले होते. पडद्यावरचा भार असा उतरवला, तर तो मुनिमाच्या डोक्यावर चढतो.

म्हणून दाट की विरळ, हे कामाच्या क्षणावर ठरावे. तुलना करायची तेथे सारे आकडे एकाच पानावर, उजव्या कडेला एकाखाली एक हवेत. जेथे पाऊल मागे घेता येत नाही, तेथे मोजके पण निर्णायक तेवढेच दिसावे. यूपीआयमध्ये पिन टाकण्याच्या पडद्यावर पैसे घेणाऱ्याचे नाव आणि रक्कम दिसते, ती याच कारणाने. साधा स्वल्पविरामही येथे मोलाचा ठरतो. १२५००००० हा आकडा वाचताना बोटाने शून्ये मोजावी लागतात. १,२५,००,००० पाहताच सव्वा कोटी कळतात.

पेढीसाठी सॉफ्टवेअर घेताना निवड बहुधा घरातील तरुण करतात आणि दिवसभर त्यावर बसतो तो वयस्क हिशेबनीस. खरेदीपूर्वी त्यालाच त्यावर बसवावे. एक मोठ्या रकमेची खोटी नोंद करून पाहावी. शेवटची कळ दाबण्यापूर्वी रक्कम, घेणाऱ्याचे नाव आणि खाते ही तिन्ही एकत्र दिसतात का? महिन्याची सर्व उधारी एका पानावर येते का? चष्मा न बदलता ती वाचता येते का? विक्रेत्याने दाखवलेल्या रंगीत आलेखांपेक्षा या तीन उत्तरांना अधिक वजन द्यावे. जुने मुनीम एका शून्यासाठी रात्री उशिरापर्यंत मेळ लावत बसत. ते चुकलेले शून्य आता नोंद होण्याआधीच दाखवून देणे पडद्याला सहज शक्य आहे.