खापर सटवाईच्या माथी



काही महिन्यांपूर्वी एका नात्यातल्या घरी तेराव्याला जाण्याचा प्रसंग आमच्यावर आला. गेलेला मुलगा एकवीस वर्षांचा होता. बैठकीच्या खोलीत त्याचा फोटो हार घालून ठेवला होता आणि फोटोखाली, कोणाच्या मनात आले कोण जाणे, त्याचे हेल्मेट ठेवले होते. हेल्मेट अगदी कोरे होते. त्याच्या काचेवर दुकानातून येतो तो पातळ प्लास्टिकचा पापुद्राही अजून तसाच चिकटलेला होता. मुलगा ते रोज घेऊन जायचा खरा, पण कोपरात अडकवून. पुढे पोलीस दिसले की डोक्यावर चढायचे आणि वळण ओलांडले की परत कोपरात यायचे.

बाहेर मांडवाखाली पुरुषमंडळी चहा घेत बसली होती. एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "काय करणार गुरुजी, सहाव्या रात्री सटवाईने कपाळावर लिहिलेले कोणाला पुसता येते का?" सगळ्यांनी माना हलवल्या. आम्हीही हलवली. अशा वेळी दुसरे काय करायचे? पण घरी परतताना त्या मान हलवण्याची आम्हाला लाज वाटू लागली, आणि ती अजून गेलेली नाही. म्हणून हे चार शब्द.

त्या संध्याकाळी काय झाले ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. रस्त्यावर साठची मर्यादा होती. मुलगा शंभराच्या घरात होता असे पाहणारे सांगतात. उसाच्या दोन शेतांमधून येणाऱ्या लहान रस्त्याने एक मोटारगाडी बाहेर आली. गाडीवाला दोन मुलांचा बाप, कामावरून घरी निघालेला. त्याने उजवीकडे पाहिले, डावीकडे पाहिले आणि गाडी पुढे घेतली. मोटरसायकल त्याच्या दारावर आदळली. तो दारू प्यायलेला नव्हता आणि घाईतही नव्हता. आता त्याला रात्री झोप लागत नाही असे त्याची बायको सांगते. मुलाच्या आईला भेटायला तो दोनदा आला आणि दोन्ही वेळा फाटकापासूनच परत गेला. सटवाईने त्याच्या कपाळावर काय लिहिले होते, हे मांडवात कोणी विचारले नाही.

आम्ही उभा जन्म शाळेत मुलांना गणित शिकवले. तेव्हा या प्रसंगाचे गणित मांडून पाहू. ते पाचवीतल्या मुलालाही समजेल.

ताशी साठ किलोमीटर म्हणजे एका सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर. समोर काही दिसले की ते मेंदूला कळून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद सहज जातो. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लागला तर आणखी वीस मीटर लागतात. म्हणजे सदतीस मीटरमध्ये गाडी उभी राहते. आता ताशी शंभर घेऊ. पहिल्या सेकंदातच अठ्ठावीस मीटर गेले आणि ब्रेक लावल्यावर पंचावन्न मीटर लागले. एकूण त्र्याऐंशी. वेग दुपटीलाही पोचला नाही, पण अंतर मात्र दुपटीच्या पुढे गेले, कारण ब्रेकला लागणारे अंतर वेगाच्या वर्गाने वाढते. आणखी एक आकडा आम्हाला फार अस्वस्थ करतो. साठने जाणारा ज्या जागी थांबून "वाचलो रे बाबा" म्हणतो, त्याच जागी शंभराने निघालेला अजून ताशी नव्वदच्या वेगात असतो. म्हणजे ब्रेक लावला न लावला सारखेच.

हा वेग शरीराला काय करतो हे ज्यांना आकड्यांनी पटत नाही त्यांनी उंचीचा विचार करावा. ताशी पन्नासने भिंतीवर आदळणे म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून खाली पडणे. शंभराने आदळणे म्हणजे तेरा मजली इमारतीवरून पडणे. मोटारीत बसलेल्याभोवती निदान लोखंड असते, पट्टा असतो. मोटरसायकलवाल्याभोवती शर्ट असतो.

आता त्या गाडीवाल्याच्या जागी जरा बसून पाहा. आपल्या बेटावर गाड्या डाव्या बाजूने चालतात, म्हणून बाजूच्या रस्त्यावरून निघणारा आधी उजवीकडे पाहतो, मग डावीकडे, आणि मग निघतो. यात अडीच-तीन सेकंद जातात. तेवढ्यात शंभराने येणारी मोटरसायकल सत्तर-ऐंशी मीटर पुढे आलेली असते. त्याने उजवीकडे पाहिले तेव्हा ती लांबवरचा एक ठिपका होती, किंवा उसाआड होती, किंवा मोटारीच्या काचेच्या खांबाआड होती. मोटरसायकल समोरून अरुंद दिसते, आणि लहान दिसणारी वस्तू आहे त्यापेक्षा लांब आहे आणि सावकाश येत आहे असे माणसाच्या डोळ्याला वाटते. हा डोळ्याचा स्वभाव आहे. तो कायद्याने बदलत नाही.

अमेरिकेत लॉस एंजेलिस भागात हॅरी हर्ट नावाच्या प्राध्यापकांनी मोटरसायकलच्या सुमारे नऊशे अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली आणि १९८१ साली अहवाल दिला. दुसऱ्या वाहनाशी टक्कर झालेल्या अपघातांपैकी दोन तृतीयांशात दुसऱ्या वाहनाच्या चालकाने मोटरसायकलवाल्याचा रस्त्यावरचा हक्क डावलला होता. हे वाचून आमचे तरुण मित्र म्हणतील, "बघा, चूक मोटारवाल्यांचीच!" चूक त्यांची असेलही, पण फोटोला हार कोणाच्या पडतो? त्याच अहवालात असेही आहे की धोका समोर उभा राहिल्यापासून आदळेपर्यंत स्वाराला साधारण दोन सेकंदही मिळत नाहीत, आणि शंभरातले ब्याण्णव स्वार कोणाकडे रीतसर शिकलेलेच नव्हते, स्वतःच किंवा मित्र-नातलगांकडून शिकले होते. घाबरून ते मागचा ब्रेक करकचून दाबत, चाक घसरे, आणि गाडी खरी थांबवणारा पुढचा ब्रेक मात्र जवळजवळ मोकळाच राही. आपल्याकडेही याहून वेगळे काय चालते? चुलतभावाच्या मोबिलेटवर गावच्या मैदानात चार फेऱ्या मारल्या की झाला मुलगा मोटरसायकलवाला.

शिवाय आपले रस्ते. ज्यांनी ते आखले त्यांनी बैलगाडी आणि उसाची वाहतूक डोळ्यांसमोर ठेवली असावी. जून ते डिसेंबर तोडणीचा हंगाम. वळणावर चिपाडे आणि उसाची कांडी पडलेली, ट्रॅक्टरच्या चाकांचा लाल चिखल रस्त्यावर आलेला, आणि जिथे तोडणी व्हायची आहे तिथे ऊस दोन पुरुष उंच. त्यात आपला पाऊस. कास्कावेल, फ्लिक-आं-फ्लाककडे कडक ऊन असते आणि वर वाक्वा, क्यूर्पीपला पोचेपर्यंत रिमझिम सुरू झालेली असते. खालून कोरड्या रस्त्याच्या धुंदीत निघालेला मुलगा पंधरा मिनिटांत ओल्या डांबरावर असतो, पण मूठ तेवढीच पिळलेली असते. रात्री भटकी कुत्री आडवी येतात ती वेगळीच. हे आम्ही नवीन सांगत नाही. वाक्वातल्या प्रत्येक कामगाराला हे ठाऊक आहे, म्हणूनच तो सावकाश जातो.

त्या कामगाराबद्दल आम्हाला मुद्दाम लिहायचे आहे, नाहीतर वाचकांना वाटेल की गुरुजी मोटरसायकलवरच उठले आहेत. आमचे वडील शेवटची दहा वर्षे मोबिलेटवर कारखान्यात गेले. पहाटेच्या पाळीला बस नसते, मोटार परवडत नाही, अशा हजारो घरांची चूल या दोन चाकांवर पेटते. त्या माणसाच्या डोक्यावर हेल्मेट असते, मागे डबा बांधलेला असतो, आणि मागून मोटारवाला हॉर्न वाजवून त्याला गटाराकडे ढकलत असतो. दरवर्षी या बेटावरच्या रस्त्यांवर मरणाऱ्यांत दोन चाकांवरच्यांचीच संख्या सगळ्यात मोठी असते. महामारीच्या आधीच्या वर्षांत, २०१५ ते २०१९ या काळात, रस्त्यांवर दरवर्षी दीडशेच्या आसपास माणसे गेली. सव्वाबारा-साडेबारा लाखांच्या देशात हे थोडे नव्हे. त्यात असे साधे कामकरीही होते. मोटारवाल्यांनी वळताना आरशात एकदा जास्त पाहावे हे आमचे सांगणे त्यांच्यासाठी आहेच. पण वेगाने जाणाऱ्या पोरांमुळे या शहाण्या माणसांचेही नाव खराब होते आणि प्रसंगी जीवही जातो.

हौशी तरुणांची उत्तरे आम्हाला पाठ आहेत. "माझा हात बसलेला आहे, गुरुजी." टी. ई. लॉरेन्सचाही हात बसलेला होता. पहिल्या महायुद्धात अरबांबरोबर लढलेला हा जगप्रसिद्ध इंग्रज आयुष्यभर एकामागून एक जबर मोटरसायकली चालवत आला. १९३५ च्या मे महिन्यात आपल्या घराजवळच्या रोजच्या रस्त्यावर, खोलगट भागात न दिसलेल्या सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना तो फेकला गेला. डोक्यावर काही नव्हते. सहा दिवस बेशुद्ध राहून वयाच्या ४६ व्या वर्षी तो गेला. त्याला पाहायला आलेल्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांनी पुढे लष्करी निरोपे मोटरसायकलवर कसे मरतात याचा अभ्यास केला, १९४१ साली हेल्मेटच्या उपयोगावर निबंध प्रसिद्ध केला, आणि ब्रिटिश लष्कराने हेल्मेट सक्तीचे केले. सामान्य नागरिकांना तो कायदा लागू व्हायला तिथेही १९७३ साल उजाडले. पुढच्या संशोधनाने हेल्मेटमुळे मरणाचा धोका सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी होतो असे दाखवले आहे. हे अर्थात डोक्यावर घातलेल्या हेल्मेटबद्दल. कोपरातल्या हेल्मेटने फार तर कोपर वाचत असेल.

दुसरे उत्तर असे: "आम्ही रविवारी पहाटे जातो, तेव्हा रस्ता रिकामा असतो." ज्याला आपल्याकडे 'रॅली' म्हणतात तो हाच प्रकार. इंग्लंडजवळ आइल ऑफ मॅन म्हणून आपल्यासारखेच एक बेट आहे, आपल्याहून पुष्कळ लहान. तिथे १९०७ सालापासून सार्वजनिक रस्त्यांवर मोटरसायकलच्या शर्यती होतात. पण शर्यतीच्या वेळी कायद्याने रस्ते बंद करतात, वळणावळणावर माणसे उभी असतात, डॉक्टर आणि हेलिकॉप्टर तयार असते, आणि स्वार जगातले निवडक असतात. एवढे सगळे असूनही आजवर तिथे अडीचशेहून अधिक स्पर्धकांचे प्राण गेले. आपल्या मोटरवेवर रविवारी पहाटे यातले काय असते? भाजी घेऊन बाजाराला निघालेली व्हॅन असते. देवळात काकड आरतीला निघालेली म्हातारी असते.

पण खरे सांगायचे तर मुलांवर फार रागवावेसे वाटत नाही. विसाव्या वर्षी मरण दुसऱ्यांचे असते. आम्हाला बोलायचे आहे ते आपल्याशी, बाप-काका-मामांशी. एच.एस.सी. पास झाला की मोटरसायकल, हे बक्षीस कोणी ठरवले? ज्याच्या लग्नात आम्ही अक्षता टाकल्या त्या बापाने, गेलेल्या त्या मुलाच्या बापाने, कर्ज काढून ती घेतली. घेतल्यानंतर दोन महिन्यांनी तो आमच्या ओसरीवर बसून कौतुकाने म्हणाला होता, "गुरुजी, पोरगा वीस मिनिटांत पोर्ट लुईला पोचतो!" आम्ही हसलो. अंतर किती, वेळ किती, म्हणजे वेग किती, हे आयुष्यभर फळ्यावर मांडणाऱ्या माणसाला त्या क्षणी भागाकार सुचला नाही. सटवाईने लिहिले असेल तर लिहिले असेल, पण त्या दिवशी लेखणी आमच्याही हातात होती.

आमचा धाकटा नातू यंदा अठरा पुरा करतो. त्यानेही मागणी केली आहे. आम्ही नाही म्हटलेले नाही, कारण नाही म्हटले तर तो मित्राची चालवील. अट एवढीच घातली आहे की आधी रीतसर शिक्षकाकडे शिकायचे, पक्के लायसन्स काढायचे, पहिली दोन वर्षे लहान इंजिनाचीच गाडी वापरायची, आणि हेल्मेटचे पैसे आजा देणार पण पापुद्रा त्याने आमच्यासमोर काढायचा. तो रुसला आहे. आजी त्याच्या बाजूने आहे.

आणखी एक गोष्ट आमच्या गावापुरती. गणेश चतुर्थीच्या विसर्जनाला अलीकडे मिरवणुकीच्या पुढे दहा-पंधरा मोटरसायकली असतात. हेल्मेट नाही, मागे दोघे-दोघे, इंजिनाचा गडगडाट इतका की टाळ-मृदंग ऐकू येत नाही, आणि विसर्जनानंतर अंधारात परतीची शर्यत. त्याच रस्त्याने बायका कडेवर मुले घेऊन पायी परतत असतात. गेल्या बैठकीत आम्ही सुचवले की मिरवणुकीत मोटरसायकल आणायचीच असेल तर हेल्मेट घालून आणि मिरवणुकीच्या मागे, पायी चालणाऱ्याच्या चालीने आणावी, नाहीतर आणू नये. दोघे-तिघे म्हणाले, असे केले तर पोरे देवळात यायचीच बंद होतील. मग कोणी चहा आणला आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला. ती बैठक येत्या महिन्यात पहिल्या रविवारी चार वाजता आहे. त्या मुलाचे वडीलही येणार आहेत असे कळले. आम्ही त्यांच्या शेजारी बसणार आहोत.