ताफ्याचा अपुरा हिशेब

बोळिंजहून आडवाटेने पाच-सहा जीपगाड्यांचा ताफा काढायचा, तर पेट्रोल, शिदोरी, दोरखंड यांचा हिशेब आधी होतो. अर्थशास्त्र ज्याला बाह्य खर्च म्हणते, तो मात्र त्यात नसतो. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर कोळिणी मासळी वाळत घालतात. तुंगारेश्वरचा डोंगर तर २००३ पासून अभयारण्य आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार तेथे परवानगीवाचून मनमानी प्रवेशाला वाव नाही. भिजल्या उतारावर चाकांनी पाडलेला चर पुढच्या सरीत ओहळ होतो आणि माती पायथ्याच्या खाचरांत उतरते. त्याची किंमत शेतकऱ्याने का मोजावी? साहसाला आमचा विरोध नाही. परंतु वनखात्याची अनुमती, भरतीची वेळ आणि गाड्यांची मर्यादा ठरल्याखेरीज बेत पक्का झाला, असे आम्ही मानणार नाही.